फिरत्या मेजाचा पंचनामा

१८५३ सालच्या उन्हाळ्यात लंडनमधील सुशिक्षित कुटुंबांच्या दिवाणखान्यांत एका नव्या नादाने मूळ धरले होते. पाचसहा मंडळी मेजाभोवती बसत, तळहात त्याच्यावर हलकेच टेकवीत आणि निःशब्दपणे वाट पाहत; आणि बराच वेळ लोटला की ते जड लाकडी मेज आधी थरथरे, मग एका अंगास सरके आणि अखेरीस सर्वांना आपल्यामागे ओढीत फिरू लागे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, हाइड्सव्हिल या खेड्यात, १८४८ साली फॉक्स भगिनींच्या घरी ऐकू आलेल्या ठकठक आवाजांपासून मृतात्म्यांशी संभाषण करण्याची जी लाट उसळली, तिचेच हे समुद्र ओलांडून आलेले रूप होते. मेज कशाने फिरते याविषयी कोणी विजेचे नाव घेई, कोणी चुंबकत्वाचे, कोणी पृथ्वीच्या परिभ्रमणाचे, तर कोणी साक्षात सैतानाचे.

वीज आणि चुंबकत्व यांची नावे पुढे येताच लोकांनी मायकेल फॅरडेच्या दारी धाव घ्यावी हे स्वाभाविकच होते. कारण चुंबकापासून विद्युत्प्रवाह निर्माण होतो हे १८३१ साली सिद्ध करणारा पुरुष तोच. लोहाराच्या पोटी जन्मलेला, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत वाचनाने शहाणा झालेला हा मनुष्य एका लहानशा ख्रिस्ती पंथाचा निष्ठावंत अनुयायी होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. अदृश्यावर त्याची श्रद्धा होती. परंतु मेजावर ठेवलेला हात दृश्य होता, आणि दृश्य वस्तूची साक्ष तपासून घेण्याचा रिवाज त्याने सोडला नाही. मेजाभोवती बसणारी मंडळी लबाड आहेत असे गृहीत धरून तो निघाला नाही. ज्यांच्या सचोटीविषयी त्याची खातरजमा होती आणि ज्यांना मेज फिरवण्यात यश येत असे, अशीच माणसे त्याने निवडली. माझ्या मते त्याच्या तपासाचे सारे मोल या निवडीत आहे. कारण लबाडी सापडली असती तर एक लबाड सापडला असता, आणि प्रामाणिक माणसांच्या हातांखालची मेजे तशीच फिरत राहिली असती.

प्रथम त्याने पुठ्ठा, काच, चिकणमाती, कथलाचा पत्रा, रबर, लाकूड अशा नानाविध पदार्थांचा गठ्ठा बांधून हाताखाली ठेवला आणि त्यांपैकी कशामुळेही मेजाच्या फिरण्यास अडथळा येत नाही, हे पाहून घेतले. मग त्याने चारपाच गुळगुळीत पुठ्ठे एकावर एक रचले. प्रत्येक दोहोंमध्ये मऊ लुकणाच्या बारीक गोळ्या होत्या. त्या इतक्या घट्ट की सहज धक्क्याने पुठ्ठा हलू नये, आणि इतक्या सैल की जोर सतत लागला तर तो हळूहळू सरकावा व सरकला तेथेच राहावा. सर्वांत खालचा पुठ्ठा पॉलिशपेपरच्या साहाय्याने मेजावर पक्का बसवला होता. वरचा पुठ्ठा मोठा असल्यामुळे खालचे सारे झाकून जात, आणि त्यांच्या कडांवर पेन्सिलीने ओढलेली रेघ बसणाऱ्याच्या दृष्टीस पडत नसे. मेज डावीकडे फिरावे असे ठरले, आणि ते फिरलेही. पुठ्ठे उलटून पाहिले तेव्हा ती रेघ तुटलेली होती: सर्वांत वरचा पुठ्ठा सर्वांत अधिक डावीकडे गेला होता, खालचे क्रमाने मागे राहिले होते आणि मेज सर्वांच्या मागे होते. मेजाने हाताला ओढले असते तर हा क्रम नेमका उलटा झाला असता. काही वेळा मेज जागचे हललेही नाही, तरी वरचा पुठ्ठा इच्छित दिशेला सरकलेला आढळला.

यानंतर त्याने गवताच्या एका हलक्या काडीचा काटा असा जोडला की हात तिळभर बाजूला रेलला तरी काडीचे लांब टोक ते स्पष्ट दाखवी. काडी झाकलेली असली की हात ढळत. ती डोळ्यांपुढे आली की तीच माणसे, तीच उत्कट इच्छा मनात धरून, थकून जाईपर्यंत बसली तरी मेज ढिम्म राहत असे. मनातील अपेक्षा इच्छेला न विचारता स्नायूंना हालवू शकते, असे डॉक्टर विल्यम कार्पेंटरने आदल्याच वर्षी प्रतिपादिले होते. काडीने त्याची साक्ष दिली. फॅरडेने हा वृत्तांत ‘टाइम्स’ व ‘अथेनियम’ या पत्रांत प्रसिद्ध केला आणि उपकरण रीजंट रस्त्यावरील न्यूमनच्या दुकानात कोणालाही पाहता यावे म्हणून ठेवले.

माणसाची नजर झाकून त्याच्या अपेक्षेची परीक्षा घेण्याच्या या पद्धतीला पूर्वपरंपरा होती. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्व’ नावाच्या कथित शक्तीची चौकशी करण्यास फ्रँकलिन, लाव्हाझिए आदींचे मंडळ नेमले, तेव्हा फ्रँकलिनच्या पासी येथील बागेत एक झाड त्या शक्तीने भारले गेले आणि सुमारे बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून झाडांजवळ नेण्यात आले; तो मूर्च्छित पडला तो चौथ्या, न भारलेल्या झाडाशी.

मेजाचाच हा खेळ मी लहान रूपात घरीही पाहिला आहे: आमच्या वाड्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत माडीवर प्लँचेट चाले. अक्षरांच्या कागदावर पालथी वाटी, आणि तीवर तिघीचौघींची बोटे. वाटी सरकत सरकत आजोबांच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर गेली, तेव्हा माझ्या आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. त्या बोटांत कपट नव्हते हे मी आजही शपथेवर सांगेन, आणि म्हणूनच फॅरडेची काडी मला इतकी जवळची वाटते. तिने वाटी सरकवणाऱ्या हाताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही, त्याला त्याचीच हालचाल दाखवली.

परंतु आधीच दोषी न ठरवता साक्ष तपासण्याचा हा समतोल टिकवणे किती दुष्कर असते, हेही फॅरडेच्याच चरित्रात दिसते. ६ मे १८५४ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, प्रिन्स आल्बर्ट समोर असताना, मनाच्या शिक्षणावर व्याख्यान देऊन आपल्याला हवे ते खरे मानण्याची ओढ प्रत्येकाने प्रथम स्वतःत शोधावी, असे त्याने आग्रहाने प्रतिपादिले होते. पुढे १८६१ साली होम या विख्यात माध्यमाच्या बैठकीस येण्याचे निमंत्रण त्याला मिळाले, तेव्हा त्याने उत्तरादाखल प्रश्नांची एक लांब यादी धाडली. आणि हे आत्म्यांचे कार्य असेल तर त्याचे फळ तुच्छ आहे हे होम कबूल करील काय, असाही प्रश्न तीत होता. साक्ष घेण्याआधीच निकालावर सही मागण्यासारखे हे होते, आणि पूर्वी मेजाभोवतीच्या कोणाकडूनही त्याने अशी कबुली मागितली नव्हती. ती बैठक झालीच नाही.