गिरणगावातला वॉल्ट्झ

लँकाशरमधल्या आमच्या गावात दर मंगळवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये निवृत्त माणसांचा बॉलरूम क्लब भरतो. पगारी माणूस एकही नाही. कुणी लवकर येऊन खुर्च्या भिंतीला लावतं, कुणी चहाचं बघतं, कुणी दारात पैसे घेऊन वहीत मांडतं. हॉलचं भाडं त्यातूनच सुटतं. क्लबचा लेखी इतिहास म्हणजे या जमाखर्चाच्या वह्या. बाकीचा म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि तो क्लबच्याही कितीतरी मागे जातो.

सगळ्यांत वयस्क बाई पंधराव्या वर्षी कापडगिरणीत लागल्या. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे, म्हणून विणकर बायका ओठ मोठाले हलवून बोलत. 'मी-मॉ' म्हणतात त्याला. आजही गाणं जोरात चालू असताना त्या हॉलच्या या टोकाहून त्या टोकाच्या मैत्रिणीला काहीतरी नुसत्या ओठांनी सांगतात आणि ती खुदकन हसते. माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर होते. घरी आल्यावरही त्यांचा आवाज वरच्या पट्टीतच असायचा. त्यामुळे या बाईंचं बोलणं मला परकं वाटलंच नाही.

वर्षातून एकदा गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम आठवडाभर बंद राहत. हा 'वेक्स वीक'. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. माणसं गाडीत बसून थेट ब्लॅकपूल गाठायची. तिथल्या टॉवर बॉलरूमची फरशी महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या तीस हजारांवर ठोकळ्यांची. १८९९ साली फ्रँक मॅचमने सजवलेलं ते दालन. १९३० पासून चाळीस वर्षं रेजिनल्ड डिक्सन तिथे ऑर्गन वाजवत होता. त्याचं नाव निघालं की क्लबातले पुरुषही हळवे होतात.

वेगवेगळ्या गावांची अनोळखी माणसं एकमेकांसोबत नाचू शकत, याला कारण होतं. १९२० च्या दशकात लंडनच्या नृत्यशिक्षकांनी एकत्र बसून पावलं ठरवून टाकली. १९२२ चा विश्वविजेता व्हिक्टर सिल्वेस्टर पुढे बँड काढून एका ठरलेल्या लयीतच वाजवू लागला. काहींना ही शिस्त कोरडी वाटते. मला उलट वाटतं: या शिस्तीमुळेच ऐंशीच्या घरातली दोन माणसं पहिल्याच भेटीत अडखळत नाहीत.

१९४१ पासून सिल्वेस्टर बीबीसीच्या रेडिओवरून नाच शिकवायचा. पुरुष लढाईवर गेलेले, तेव्हा बाईंच्या थोरल्या बहिणीने स्वयंपाकघरात रेडिओ लावून पुरुषाची पावलं गिरवली आणि धाकटीलाही शिकवली. ती विद्या आता क्लबाला तारते. आमच्यात विधवा पुष्कळ, पुरुष मोजके. बाई एकेकीला उठवतात, उजवा हात पाठीवर नेमका खांद्याच्या हाडाखाली ठेवतात, आणि नेतात. त्या हाताच्या किंचित दाबावरून कुठे वळायचं ते कळतं. वॉल्ट्झ मी असाच शिकले.

१९६० च्या कायद्याने बिंगोच्या धंद्याला वाट मोकळी झाली आणि अनेक नाचघरांत बिंगोची टेबलं लागली. तरुण मुलं जोडीशिवाय, आपापलं नाचू लागली. ज्यांना जोडीने नाचायचं होतं त्यांनी चर्चचे, गावकीचे हॉल भाड्याने घेतले. त्यांना मालक नव्हता, म्हणून कामं वाटून घ्यावी लागली. ही पद्धत नाइलाजाची होती, पण जोडीचा नाच टिकला तो तिच्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूमची फरशी त्याआधीच, १९५६ च्या डिसेंबरात, आगीत खाक झाली होती. बाईंची नवऱ्याशी गाठ तिच्यावरच पडली होती. बातमी ऐकून गिरणीतल्या बायका रडल्या, असं त्या सांगतात. दोन वर्षं दुरुस्ती चालली. पूर्वी तिथे काम केलेले आणि केव्हाच निवृत्त झालेले कारागीर त्यासाठी पुन्हा कामावर आले. १९५८ मध्ये दारं उघडली, आणि बाई नवऱ्याला घेऊन नव्या फरशीवर नाचायला गेल्या.