जाते, चक्कीनामा आणि पाणचक्की

भोरहून रायरेश्वराच्या वाटेला लागले की आंबवडे लागते. शंकराजी नारायण सचिवांची समाधी आणि नागेश्वराचे देऊळ पाहायला लोक इथे थांबतात. आम्हीही त्यासाठीच थांबलो होतो, पण आमचे लक्ष गेले ते एका घराच्या पायरीशी टेकवून ठेवलेल्या जात्याच्या वरच्या तळीकडे. खुंटा केव्हाच निघून गेलेला, भोक तेवढे राहिलेले. गिरणी आली तेव्हापासून ते पडून आहे, असे घरातल्या आजी म्हणाल्या. त्यांना त्यात विशेष काही वाटत नव्हते. आम्हाला मात्र त्या भोकाची जागा पाहून बारावीच्या भौतिकशास्त्राचे पहिले प्रकरण आठवले. महाराष्ट्र मंडळाच्या पुस्तकात ते परिभ्रमणाचे आहे आणि आपली मुले तिथेच पहिल्यांदा अडखळतात.

खुंट्याचे भोक तळीच्या मध्याजवळ नसते, अगदी कडेला असते. आसापासून जितके दूर धरू तितका त्याच जोराचा परिणाम अधिक. पुस्तकात याला बलाचे आघूर्ण म्हणतात. ज्या पाथरवटाने ते भोक पाडले त्याला हा शब्द ठाऊक नव्हता, पण जागा चुकली नाही.

साधारण घरगुती जात्याची वरची तळी १५ किलोची आणि मध्यापासून कडेपर्यंत २० सेंटिमीटर धरू. मिनिटाला ४० फेरे म्हणजे चांगलीच गती. या फिरण्यात साठलेली ऊर्जा काढली तर ती येते अडीच ज्यूलच्या आसपास. एक किलो पीठ वीतभराहून थोडे वर उचलायला लागते तेवढीच! म्हणून दळणारीने हात सोडला की भरडत असलेले जाते क्षणात थांबते. जात्यात साठवण जवळजवळ नाहीच. प्रत्येक फेऱ्याची ऊर्जा त्या फेऱ्यातच हाताने द्यावी लागते. पहाटेच्या दळणाला ओवी का लागत असे, याचे एक कारण या हिशेबातच आहे.

पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागांतून गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. त्यात मुसलमान बायकांच्याही ओव्या आहेत. ज्यांना मराठी मुसलमान म्हणजे उसन्या भाषेत बोलणारा वाटतो, त्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

पण जात्याशी आपले नाते ओवीपुरते नाही. हा रोहिड खोऱ्याचा मुलूख शिवकाळाच्या आधी विजापूरच्या आदिलशाहीत होता. त्या विजापूरच्या सूफींनी दखनी भाषेत चक्कीनामे रचले, ते दळणाऱ्या बायकांनी म्हणावेत म्हणूनच. रिचर्ड ईटन यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला. एका चक्कीनाम्यात जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अर्थात अल्लाह, आणि मधला आस म्हणजे मुहम्मद, असे रूपक आहे. खानकाहीत बसलेल्या बुजुर्गाने उपदेशासाठी तलवार किंवा तख्त न घेता जाते घेतले, हे आम्हाला मोलाचे वाटते. त्याने ते नीट पाहिलेही होते. फिरणाऱ्या वस्तूत सर्वांत महत्त्वाची जागा न हलणारी असते, हे त्याच्या रूपकातच आहे.

त्याच दरबारात अली आदिलशहा पहिला याच्या काळी शिराजहून आलेले फतहुल्लाह शिराजी होते. १५८० मध्ये सुलतान मारला गेला आणि १५८३ मध्ये शिराजी अकबराकडे गेले. १५८९ मध्ये काश्मिरात त्यांचे निधन झाले. तिथे एक गाडी झाली, जी ओढली की चाकांच्या फिरण्यावर जाते फिरे आणि चालता चालता धान्य दळले जाई. अबुल फजल हा शोध बादशहाच्या नावावर घालतो. निजामुद्दीन अहमद शिराजींच्या. आम्हाला निजामुद्दीनचे पटते. शहेनशहाच्या पदरी असलेल्या माणसाचे काम शहेनशहाच्या खात्यावर जमा होणे नवीन नाही. गाडीत मात्र चमत्कार नव्हता. दळणाचा जोर शेवटी ओढणाऱ्या जनावराच्या मानेवरच पडत होता.

आता मोठ्या जात्याकडे येऊ. जाडी तीच ठेवून तळीची रुंदी दुप्पट केली तर वजन चौपट होते. पण फिरवायला होणारा विरोध, ज्याला जडत्व आघूर्ण म्हणतात, तो सोळा पट वाढतो, कारण बराचसा दगड आसापासून दूर गेलेला असतो. असे ६० किलोचे जाते सेकंदाला एक फेरा घेऊ लागले की त्यात शंभराच्या जवळपास ज्यूल साठतात. ते सुरू करणे अवघड आणि एकदा सुरू झाले की मूठभर दाण्यांनी अडत नाही. हे एका बाईच्या हाताचे काम नव्हे. त्याला पाणी लागते.

ते पाणी औरंगाबादेत होते. (२०२३ पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे.) मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि तिथे नहरीने पाणी आणण्याची रीत घातली. पुढे बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर खाम नदीकाठी राहिले. त्यांच्या खानकाहीत पाणचक्की उभी राहिली. तिच्यासाठी तुर्कताजखानाचे नाव आणि १७४४ हे साल सर्वसाधारणपणे दिले जाते. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढवले आणि तिथून खाली सोडले. खाली आडव्या चाकाची पाती, वर जाते. फकीर, मुसाफिर आणि यतीम यांच्या रोटीचे पीठ त्यावर निघे.

उरुसाला किंवा सहलीला जाणारी आपली मुले हे 'आपोआप फिरते' असे ऐकून येतात. आपोआप काही फिरत नाही. सेकंदाला १० लिटर पाणी ३ मीटर खाली पडत असेल तर दर सेकंदाला सुमारे ३०० ज्यूल मिळतात. निम्मे शिंतोड्यांत आणि घर्षणात गेले तरी दोन-तीन बायका अखंड दळत आहेत, एवढे काम उरते. इथे दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. पाणी पात्यावर आदळते तेव्हा त्याचा संवेग चाकाला मिळतो आणि त्या देण्याघेण्यात काही हरवत नाही. ऊर्जेचे तसे नाही. तिचा मोठा भाग पाणी घुसळण्यात नि गरम होण्यात जातो. मुले ही दोन खाती एकत्र करतात आणि उदाहरण चुकते. त्यांना फार बोलू नये. युरोपातल्या पंडितांचाही यावर दीर्घ वाद झाला. स्मीटनने पाणचाकांवर प्रयोग करून वरून पाणी घेणारे चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या जवळपास दुप्पट काम देते, हे १७५९ मध्ये मांडले. जडत्व आघूर्णाला ऑयलरने नाव दिले ते १७६५ मध्ये. खानकाहीतले जाते तोवर वीसेक वर्षे फिरत होते.

एवढ्यावरून 'हे सगळे आपल्याकडे आधीच होते' असे भाषण आम्ही करणार नाही. तशी भाषणे आपल्या जलशांत पुष्कळ होतात. १०३७ मध्ये वारलेल्या इब्न सीनांनी गतीबद्दल 'मैल' ही कल्पना मांडली; अडवणारे काही नसेल तर ती वस्तूत टिकून राहील, असे ते म्हणत. विचार मोठाच आहे, पण तो न्यूटनचा संवेग नव्हे. त्याला ओढूनताणून तसे म्हणण्यात इब्न सीनांचा सन्मान नाही. करामत म्हणून हात जोडणे आणि वारसा म्हणून छाती फुगवणे, दोन्हींत चाकाखाली वाकून पाहायचे राहूनच जाते. ज्याने नळांचा उतार बांधला आणि ज्याने पाती बसवली, त्यांची नावे आपण विचारत नाही.

लंगराचे ते दळण आता थांबले आहे. आंबवड्याच्या आजींना आम्ही हे सगळे सांगत बसलो नाही. तळी हलवून पाहू का, एवढेच विचारले. दोघांनी मिळून उचलली, आडवी ठेवली आणि कडेला धरून फिरवली. पाऊण फेऱ्यात थांबली. खाली आस नव्हता, अंगणाची माती होती. आजी हसल्या. दळण आता गिरणीतच जाते, म्हणाल्या, लाइट असली म्हणजे झाले. भोरजवळ भाटघर धरणाखाली १६ मेगावॅटचे वीजघर आहे. तिथेही उंचावरचे पाणी खाली येते आणि चाक फिरवते.