दहा मिनिटांची तावदानं

आम्ही इंग्लंडात नवीन आलो होतो तेव्हाची गोष्ट. 2006 चा उन्हाळा. सकाळी वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. सहज मान वर केली तर खिडकीबाहेर एक माणूस! मी किंचाळणारच होते, तेवढ्यात त्याने टोपीला हात लावला, तोंडभर हसला आणि काचेवर पाणी फासायला लागला.

काच पुसणारा होता. घर भाड्याचं, आधीच्या भाडेकरूंनी त्याला लावलेलं आणि आम्हाला सांगायचं राहिलेलं. दहा मिनिटांत पुढच्या-मागच्या सगळ्या खिडक्या उरकून साहेब दारात हजर. सहा पौंड. तेव्हा आमचा प्रत्येक पौंडाला ऐंशीने गुणायचा काळ होता. दहा मिनिटांचे जवळजवळ पाचशे रुपये! पैसे दिले, पण "पुढच्या महिन्यापासून नको, आम्हीच करू" असं मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं. तो काही बोलला नाही. "बरं, लव्ह" म्हणाला आणि शिडी खांद्यावर टाकून शेजारी गेला. (तिकडे उत्तरेत सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात, भाजीवालासुद्धा. पहिले काही महिने मी दचकायचे.)

पुढच्या महिन्यात मी कंबर कसली. आईला फोन केला. तिचं शास्त्र ठरलेलं: पाण्यात थोडं व्हिनेगर, ओल्या फडक्याने पुसायचं आणि मग वर्तमानपत्राचा बोळा. पेपराचे धागे काचेला चिकटत नाहीत, हात मात्र काळे होतात. तिच्या लहानपणी कंदिलाच्या काचा राखेने आणि कागदाने अशाच लख्ख करायचे. तर मी तीन तास खपले. फक्त खालच्या खिडक्या, तेही ऐन उन्हात. संध्याकाळी तिरपं ऊन आलं आणि प्रत्येक काचेवर माझ्या हाताचे फराटे इंद्रधनुष्यासारखे चमकायला लागले.

नेमका तेव्हाच तो शेजाऱ्यांकडून बाहेर पडला. पाहिलं, हसू दाबलं आणि म्हणाला, "दाखवू का?"

त्या दिवशी जे शिकले ते सांगते, दिवाळीच्या सफाईत तुम्हालाही उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, उन्हातली काच पुसायची नाही. पाणी काढायच्या आत वाळतं आणि मळ जागच्या जागी चिकटतो. साबण अगदी चार थेंब, तोही मुख्यतः रबर सरकायला. आधी सगळी काच, कोपऱ्यांसकट, भरपूर ओली करायची, म्हणजे मळ सुटून पाण्यात येतो. आता तो मळकट पाण्याचा थर एकदम काढून टाकायचा. फडक्याने आपण तो काढत नाही, नुसता इकडचा तिकडे करतो. माझे फराटे तेच होते. त्याचं हत्यार म्हणजे आपल्या बाथरूमच्या वायपरची धाकटी बहीण: पितळी मूठ आणि पट्टी, तीत एकच सरळ, धारदार कडेचं रबर. त्याला ते लोक स्क्वीजी म्हणतात. वरची बोटभर पट्टी आधी कोरडी करायची आणि रबर तिथे टेकवून ओढायला सुरुवात करायची, म्हणजे वरून ओघळ येत नाही. रबर जरा तिरपं धरायचं. पुढचा पट्टा आधीच्यावर दोन बोटं चढला पाहिजे. प्रत्येक पट्ट्यानंतर रबर पुसायचं. शेवटी कडांना सुती किंवा लिननचं फडकं बोटाला गुंडाळून फिरवायचं.

स्वतः मात्र तो रबर उचलतच नव्हता. वरच्या कोपऱ्यातून निघायचा, मनगट वळवत नागमोडी खाली यायचा आणि एका दमात काच कोरडी. मी विचारलं, इतक्या भरभर कसं जमतं? तो म्हणाला, "हात नव्हे, पावलं वाचवायची." शिडी कमीत कमी वेळा हलवायची, वरून खाली यायचं, लागणाऱ्या वस्तू कमरेलाच लटकवायच्या आणि पुसलेल्या काचेला परत हात लावायचा नाही. पुन्हा पुसायचा मोह झाला की वेळही गेला आणि काचही गेली.

त्या महिन्यापासून सहा पौंड पुन्हा सुरू झाले, हे सांगायला नकोच.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. ही दहा मिनिटं आली कुठून? मग जमेल तसं वाचत गेले.

गंमत म्हणजे हा धंदा फार जुना नाही, कारण खिडकीला काच असणं हेच मुळी जुनं नाही. आपल्या वाड्यांना लाकडी झडपा आणि गज. गोव्यातल्या जुन्या घरांत तर तावदानाच्या जागी पातळ, पारभासक शिंपले बसवलेले असत. इंग्लंडात काच होती, पण तिच्यावर सरकारचा डोळा होता. 1696 मध्ये तिथे चक्क खिडक्यांवर कर बसला. प्रत्येक घराला दोन शिलिंग आणि दहापेक्षा जास्त खिडक्या असतील तर वर आणखी. लोकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या! जुन्या घरांच्या भिंतींत असे बुजवलेले चौकोन अजून दिसतात. पुढे 1746 पासून खुद्द काचेवरही वजनाप्रमाणे कर आला. तो 1845 मध्ये उठला आणि खिडक्यांवरचा 1851 मध्ये. त्याच 1851 साली लंडनमध्ये जवळजवळ तीन लाख तावदानांचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. काच स्वस्त झाली, दुकानांच्या दर्शनी खिडक्या मोठ्या झाल्या आणि शहरभर दगडी कोळशाचा धूर. पांढरी काच आठवड्यात करडी. बादली, शिडी आणि चामड्याचं मऊ फडकं घेऊन दारोदार फिरणारा माणूस या सगळ्यातून तयार झाला.

त्याच्या आधी खिडक्या कोण पुसायचं? घरातल्या मोलकरणी. आणि इथे वाचता वाचता मी थांबले. 1847 च्या एका ब्रिटिश कायद्यात, शहरातल्या रस्त्यांवर काय करू नये याची एक लांबलचक यादी आहे. त्यात एक कलम असं, की जो कोणी आपल्या नोकराला खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर उभं राहून खिडकी पुसायला किंवा रंगवायला सांगेल किंवा तसं करू देईल, त्याला चाळीस शिलिंगांपर्यंत दंड. तळघराची खिडकी असेल तर चालेल. असा कायदा करावा लागला, यावरूनच काय ते समजा. आणि दंड कोणाला? उभं राहणाऱ्याला नाही. उभं करणाऱ्याला.

हे कलम मनात ठेवा, परत येणार आहे.

आता ते हत्यार. रबराची पट्टी ओढून पाणी काढायची कल्पना जहाजांवरची, डेक कोरडा करायला खलाशी तसलं काही वापरत. काचेसाठी अमेरिकेत जे आलं ते 'शिकागो स्क्वीजी' या नावाचं पोलादी धूड होतं. त्याला दोन गुलाबी रबरं आणि ती बदलायची तर बारा स्क्रू काढायचे! रबराची कड थोडी जरी बोथट झाली तरी काचेवर रेघ उमटते, म्हणजे ते सारखं बदलावं लागणार. शिडीवर उभं राहून बारा स्क्रू... कल्पना करा.

हे बदललं कोणी? एखाद्या मोठ्या कारखान्याने नाही. इटलीहून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आलेला एतोरे स्तेक्कोने हा स्वतः खिडक्या पुसणारा माणूस होता. 1936 साली त्याने पितळेची हलकी स्क्वीजी आणली. दोनाऐवजी एकच रबर, पण बारीक, नेमक्या कडेचं. घरच्या गॅरेजमध्ये तो त्या बनवायचा. नाव ठेवलं 'न्यू डील', रूझवेल्टच्या धोरणाचं. सुरुवातीला विक्रेत्यांनी उभं केलं नाही, पण पुसणाऱ्यांनी उचलून धरली. आज जगात बहुतेक सगळे जण याच आराखड्याची स्क्वीजी वापरतात. ज्याचं मनगट दुखत होतं त्यालाच कळलं की वजन कुठे कमी करायचं. त्याच 1936 मध्ये इंग्लंडात जॉर्ज फॉर्म्बी या विनोदी गायकाचं खिडक्या पुसणाऱ्यावरचं चावट गाणं तुफान गाजत होतं. खिडकीतून त्याला काय काय दिसतं, हा त्याचा विषय. एकीकडे लोक हसत होते, दुसरीकडे एक जण गॅरेजात पितळ कापत होता.

या पितळी हत्याराची आणखी एक गोष्ट आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या सकाळी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये यान डेमचुर हा पोलंडहून आलेला काच पुसणारा कामावर निघाला होता. विमान धडकलं तेव्हा तो आणखी पाच जणांबरोबर लिफ्टमध्ये होता. लिफ्ट पन्नासाव्या मजल्याशी अडकली. जोर लावून दार उघडलं तर समोर नुसती भिंत. तो जोरात न थांबणाऱ्या त्या लिफ्टचा मजलाच नव्हता. सहा जणांकडे मिळून उपयोगाची वस्तू एकच, त्याच्या बादलीतली स्क्वीजी. तिच्या कडेने आळीपाळीने त्यांनी प्लास्टरबोर्ड खरवडायला सुरुवात केली. मध्येच पट्टी हातातून सुटून खाली पडली, मग नुसत्या मुठीने. भोक पडलं ते एका स्वच्छतागृहात. तिथून जिने उतरून सहाही जण बाहेर पडले आणि थोड्याच वेळात इमारत कोसळली. ती मूठ आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एरवी त्या बादलीकडे लिफ्टमध्ये कोणी वळून पाहिलं असतं का?

असो. आमच्या म्हाताऱ्याकडे वळते.

2009 च्या हिवाळ्यात दोन महिने तो आलाच नाही. मग शेजारणीकडून कळलं, ओल्या फरशीवर शिडी सरकली आणि खुब्याचं हाड मोडलं. चाळीस वर्षं शिडीवर काढली होती. त्याने आपली 'राउंड', म्हणजे बांधलेल्या गिऱ्हाइकांची घरं, एका तरुण मुलाला विकली. आपल्याकडे पेपरची लाइन विकतात ना, तसंच. हा मुलगा शिडी चढत नाही. उंचावरच्या कामासाठी ब्रिटनमध्ये 2005 मध्ये नियम कडक झाले आणि त्याच सुमारास लांब दांड्याचे ब्रश सगळीकडे पसरले. व्हॅनमध्ये टाकी, त्यातलं पाणी आरओ आणि वर आणखी गाळण्या लावून क्षारमुक्त केलेलं, टीडीएस जवळजवळ शून्य. (आयकरवाला टीडीएस नव्हे!) ब्रशने घासायचं, त्याच पाण्याने धुवायचं आणि तसंच सोडून द्यायचं. क्षारच नाहीत म्हणून वाळल्यावर डाग नाहीत. दोन्ही पाय जमिनीवर. नागमोडी मनगट बघायला मिळत नाही याची मला चुटपुट लागते, पण ती चुटपुट माझी, खुबा त्याचा.

आणि आता ते 1847 चं कलम.

पुण्यात आमचा तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक. दर दिवाळीआधी कामाच्या मावशी बाहेरच्या छज्ज्यावर उतरायच्या. पदर खोचलेला, एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात पेपरचा बोळा. मी आतून त्यांचं दुसरं मनगट धरायचा प्रयत्न करायचे, तर त्या म्हणायच्या, "सोडा ताई, पुसू द्या." मी असेन दहा-बारा वर्षांची. मनगट धरलं म्हणजे आपण किती काळजी घेतो, असं मला वाटायचं. आईलाही वाटत असणार. दिवाळीला त्यांना साडी आणि फराळ असायचा. छज्जा कोणाच्याच मनात आला नाही. त्या कधी पडल्या नाहीत. इतकंच आमच्या बाजूने म्हणता येईल.

मुंबईला गेले की लोअर परळला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींवर दोरांना लटकलेली मुलं दिसतात. आत एसीत बसलेल्यांना काच दिसत नाही, हीच तर चांगल्या कामाची खूण. काच नीट पुसली की ती पुसणाराही दिसेनासा होतो. आणि मग दहा मिनिटांचे पैसे देताना जिवावर येतं.

गेल्या दिवाळीआधी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. कलमासकट. आता दुसऱ्या मावशी येतात, पण छज्जा तोच आहे. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाहेरून नाही पुसल्या तर काय होणार आहे? सोसायटीतलं कोण वर बघतंय?"

दिवाळीत व्हिडिओ कॉल केला तर तिच्या मागे खिडकी. आतून लख्ख, बाहेरून वर्षाची धूळ. आकाशकंदिलाचा उजेड जरा मळकट येत होता.

मला तर तो फार आवडला.