पश्चिम विदर्भातील महाविद्यालयीन क्रीडा

पश्चिम विदर्भातील महाविद्यालयीन क्रीडा म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांमध्ये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या नियंत्रणाखाली चालणारी स्पर्धात्मक क्रीडाव्यवस्था होय. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा हा या व्यवस्थेचा पाया असून त्यांतून निवडलेले विद्यापीठाचे संघ पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरतात. २०२० पासून त्यावर खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेची आणखी एक पायरी आली. सत्र परीक्षा पद्धती, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि व्यावसायिक लीग यांमुळे या व्यवस्थेचे स्वरूप पालटत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या खेळाडूला हा पालट शहरातील खेळाडूपेक्षा अधिक जाणवतो.

== पार्श्वभूमी ==

वऱ्हाडातील शारीरिक शिक्षणाची परंपरा विद्यापीठापेक्षा जुनी आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावती येथे स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. या संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या क्रीडाशिक्षकांनी हे खेळ विदर्भातील शाळा-महाविद्यालयांत रुजवले.

या भागातील महाविद्यालये पूर्वी १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्वतंत्र झाले, तेव्हा पाचही जिल्ह्यांतील खेळाडूंना विद्यापीठाच्या संघात स्थान मिळवण्यासाठी नागपूरकरांशी करावी लागणारी चुरस संपली. विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूस ‘कलर होल्डर’ म्हणण्याची पद्धत विदर्भात आजही आहे आणि गावाकडे ही ओळख पदवीच्या बरोबरीने सांगितली जाते.

राष्ट्रीय पातळीवर आंतरविद्यापीठ स्पर्धांचे नियमन भारतीय विद्यापीठ संघ करतो. ही संस्था १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ या नावाने सुरू झाली. क्रिकेटमधील रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५-३६ पासून खेळली जाते. सर्वांगीण क्रीडा कामगिरीसाठी विद्यापीठांना १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक देण्यात येतो.

== स्पर्धांची उतरंड ==

हंगाम पावसाळा ओसरताना सुरू होतो. आंतरमहाविद्यालयीन सांघिक स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असल्याने अनेक लहान महाविद्यालयांचा वर्षभराचा हंगाम एकाच सामन्यात संपतो. पुरुषांच्या कबड्डीत हा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा असतो. म्हणजे काही महिन्यांच्या सरावाची परीक्षा ४० मिनिटांत होते. तथापि पराभूत संघातील चांगल्या खेळाडूस निवड चाचणीद्वारे विद्यापीठाच्या संघात येता येते. लहान गावांतून आलेल्या खेळाडूंसाठी ही तरतूद फार मोलाची आहे, कारण गावातील महाविद्यालयात एखादा उत्तम चढाईपटू असतो, पण संपूर्ण संघ क्वचितच तयार होतो.

आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी देशाचे चार विभाग केलेले आहेत. अमरावती विद्यापीठ पश्चिम विभागात मोडते. प्रमुख सांघिक खेळांत प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात आणि त्या १६ संघांतील पहिल्या आठ संघांना खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत प्रवेश मिळतो. तिचे पहिले आयोजन फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये भुवनेश्वर येथे झाले. त्यात पंजाब विद्यापीठ पहिले, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरे आले. राज्यात याशिवाय ‘अश्वमेध’ हा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव भरतो. त्याचा भर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल आणि मैदानी खेळांवर राहिला आहे.

उतरंडीच्या वरच्या टोकाला जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा आहे. २०२३ मध्ये चीनमधील चेंगडू येथे भारताने ११ सुवर्णांसह २६ पदके मिळवली. त्यानंतर जर्मनीतील राईन-रूर येथे २०२५ मध्ये निवडलेल्या १२ बॅडमिंटनपटूंपैकी केवळ सहा जणांची नावे वेळेत नोंदवली गेल्याने उर्वरित सहा जण तिथे पोहोचूनही खेळू शकले नाहीत. संघाने कांस्यपदक जिंकले, पण प्रशासकीय चुकीमुळे खेळाडूची संधी कशी हुकते याची चर्चा देशभर झाली.

== अभ्यासक्रम आणि हंगाम ==

वार्षिक परीक्षा पद्धतीत परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर होत असे. त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे चालणाऱ्या स्पर्धा आणि अभ्यास यांचा फारसा झगडा नव्हता. सत्र पद्धती आल्यावर ‘हिवाळी’ आणि ‘उन्हाळी’ अशा दोन परीक्षा झाल्या व हिवाळी परीक्षेचा काळ नेमका क्रीडा हंगामावर येऊ लागला. अंतर्गत मूल्यमापन, प्रात्यक्षिके आणि ७५ टक्के उपस्थितीची अट यांमुळे विद्यापीठाच्या सराव शिबिरात गेलेल्या विद्यार्थ्याचे गुण जाण्याची शक्यता वाढली. राष्ट्रीय स्पर्धेमुळे परीक्षा हुकलेल्या खेळाडूंची परीक्षा पुन्हा घेण्याची सोय काही विद्यापीठांनी केली आहे; पण ती प्रतिनिधित्व करणाऱ्यांपुरती असते. आंतरमहाविद्यालयीन फेरीत खेळून परतणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना तिचा उपयोग होत नाही.

बाभुळगाव यवतमाळ-धामणगाव मार्गावर असून तालुक्याची अर्थव्यवस्था कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर अवलंबून आहे. दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते, म्हणजे क्रीडा हंगाम, हिवाळी परीक्षा आणि शेतीचा सर्वांत घाईचा काळ एकत्र येतात. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याची मजुरी त्या दिवसांत घरालाही हवी असते. स्पर्धा अकोला वा बुलढाण्याला असल्यास जाण्यायेण्यातच एक-दोन दिवस मोडतात. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक असणे आवश्यक असते. ज्या लहान महाविद्यालयांत महिला प्राध्यापक कमी आहेत, तेथे संघ तयार असूनही प्रवेशिका पाठवणे अवघड होते. पूर्णवेळ शारीरिक शिक्षण संचालक नसलेल्या ठिकाणी हे काम इतर विषयांच्या शिक्षकांकडे येते.

मैदानांच्या बाबतीत तालुका क्रीडा संकुल ही राज्य शासनाची योजना महत्त्वाची ठरते. तालुका संकुलासाठीच्या अनुदानाची मर्यादा २०२२ मध्ये १ कोटी रुपयांवरून ५ कोटी रुपये करण्यात आली.

== श्रेयांक, गुण आणि नोकरी ==

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ पासून लागू झाला. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातील आराखड्यात सहअभ्यासक्रम या गटाखाली राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्र सेना आणि सांस्कृतिक उपक्रमांबरोबर क्रीडेलाही श्रेयांक देण्यात आले आहेत. खेळ हा प्रथमच पदवीच्या हिशेबात आला. मात्र हे श्रेयांक क्रीडाविषयक अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल मिळतात. विभागीय स्पर्धेत चार सामने जिंकणारा आणि महाविद्यालयात तासिका भरणारा यांच्यात त्यामुळे फारसा फरक पडत नाही.

दहावी-बारावीच्या खेळाडूंना राज्य मंडळाकडून स्पर्धेच्या पातळीनुसार कमाल २५ सवलतीचे गुण मिळतात. ग्रामीण भागात याहून मोठे आकर्षण शासकीय नोकरीतील ५ टक्के समांतर आरक्षणाचे आहे. ते ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने लागू झाले आणि १ जुलै २०१६ रोजी त्याचे सुधारित निकष आले. प्रमाणपत्रांची पडताळणी क्रीडा व युवक सेवा विभागाचे विभागीय उपसंचालक करतात. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यानंतर ही पडताळणी कडक झाली. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या खेळाच्या निवडीवर या आरक्षणाचा प्रभाव पडतो: ज्या खेळात पदकाची शक्यता अधिक, त्या खेळाकडे ओढा वाढतो.

== व्यावसायिक लीग आणि प्रबोधिनी ==

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आणि इंडियन सुपर लीग, तर २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो सुरू झाली. यामुळे महाविद्यालयीन संघ हाच वर जाण्याचा मुख्य रस्ता राहिला नाही. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनींनी तत्पूर्वीच शालेय वयातील खेळाडू निवडून निवासी प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला होता. यवतमाळचा हॉकी गोलरक्षक आकाश चिकटे हा क्रीडा प्रबोधिनीतूनच पुढे आला. २०१६ ची आशियाई चॅम्पियन्स करंडक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. गुणी मुले अशी लवकर बाहेर पडत असल्याने तालुक्याच्या महाविद्यालयाच्या मैदानावर उरतात ती प्रामुख्याने पोलीस वा सैन्यभरती डोळ्यांसमोर ठेवणारी मुले.

== अमेरिकेतील पद्धतीशी तुलना ==

महाविद्यालयीन क्रीडेचे सर्वाधिक व्यापारीकरण अमेरिकेत झाले आहे. तेथील ‘फुटबॉल’ हा मुख्यतः हाताने खेळायचा, अंडाकृती चेंडूचा निराळा खेळ आहे. त्याची हंगामोत्तर ‘रोझ बोल’ लढत प्रथम १९०२ मध्ये झाली. राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी २०१४ च्या हंगामापासून चार संघांची होती, ती २०२४ पासून १२ संघांची झाली. खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा जुलै २०२१ मध्ये मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. दूरचित्रवाणीच्या उत्पन्नासाठी संघांची गटवारी बदलल्याने २०२४ पासून लॉस एंजेलिसची विद्यापीठे थेट न्यू जर्सीतील विद्यापीठाच्या गटात खेळतात. या लांब प्रवासामुळे बुडणाऱ्या वर्गांचा प्रश्न तेथेही उपस्थित झाला.

भारतात महाविद्यालयीन सामन्यांना प्रक्षेपणाचे मोठे उत्पन्न नाही. अमरावती विद्यापीठाच्या संघातील खेळाडूस प्रवासखर्च, दैनिक भत्ता आणि गणवेश मिळतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा खर्च विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या क्रीडा शुल्कातून भागवला जातो, त्यामुळे विद्यार्थिसंख्या कमी असलेल्या महाविद्यालयाला एका हंगामात किती खेळांचे संघ पाठवायचे हे आधीच ठरवावे लागते.