सोळा गाण्यांची तबकडी

गायकाचें चित्र त्याच्या तबकडीच्या वेष्टनावर छापण्याचा प्रघात आहे. परंतु १९६१ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ या नांवाची जी दीर्घ तबकडी प्रसिद्ध केली, तिच्या वेष्टनावर गायकाचा चेहरा नव्हता. खुर्चीवर बसून गिटार वाजविणारा एक मनुष्य, तोहि थेट डोक्यावरून पाहिलेला, एवढेंच काय तें बर्ट गोल्डब्लाट या चित्रकारानें रंगविलें होतें. त्या वेळीं त्या गायकाचें एकहि छायाचित्र प्रसिद्ध नव्हतें आणि त्याला मरून २३ वर्षें झालीं होतीं. त्याचें नांव रॉबर्ट जॉन्सन.

जॉन्सन १९११ सालीं मिसिसिपी संस्थानांतील हेझलहर्स्ट गांवीं जन्मला. त्या प्रदेशांत कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांचें गाणें म्हणजे ब्लूज. बाटलीचा कापलेला गळा किंवा धातूची नळी डाव्या हाताच्या बोटांत घालावयाची आणि ती गिटारच्या तारांवरून सरकवावयाची, ही तेथील वादनाची एक खास रीत. अशा वादनांत स्वर पडद्यापडद्यावरून उड्या मारीत नाहीं. आपल्या मींडेप्रमाणें तो एका स्थानावरून दुसऱ्या स्थानीं वाहत जातो. गायकानें शब्द अर्धा सोडावा आणि तारेनें तो पुरा करावा, इतका हा आवाज मनुष्याच्या कंठाला जवळचा आहे.

जॉन्सनचें जें गाणें आज उपलब्ध आहे, तें सगळें अवघ्या ५ दिवसांचें आहे. १९३६ च्या नोव्हेंबरांत टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरीं गंटर हॉटेलांत ३ दिवस आणि १९३७ च्या जूनमध्यें डॅलस येथें २ दिवस, मिळून २९ गाणीं डॉन लॉ याच्या देखरेखीखालीं ध्वनिमुद्रित झालीं. तबकडीची एक बाजू सुमारें ३ मिनिटांची. गाणें तेवढ्यांत बसवावें लागे. ‘टेराप्लेन ब्लूज’ हें गाणें कांहींसें खपलें; इतरांकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १६ ऑगस्ट १९३८ रोजीं ग्रीनवुडजवळ जॉन्सन वारला, तेव्हां तो २७ वर्षांचा होता. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागीं ‘डॉक्टर नव्हता’ एवढेंच लिहिलेलें आहे.

त्याच वर्षीं जॉन हॅमंड हा जाणकार रसिक न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें कृष्णवर्णीयांच्या संगीताचा जलसा भरवीत होता. त्याला जॉन्सन हवा होता. हातीं आली ती त्याच्या मृत्यूची वार्ता. तेव्हां २३ डिसेंबरच्या त्या जलशांत हॅमंडनें जॉन्सनच्या तबकड्याच श्रोत्यांस ऐकविल्या. हाच हॅमंड पुढें कोलंबिया कंपनींत होता. त्याच्या पाठिंब्यानें फ्रँक ड्रिग्ज यानें जुन्या ध्वनिमुद्रणांतून १६ गाणीं निवडलीं आणि १९६१ ची तबकडी सिद्ध केली. त्यांतील कांहीं गाणीं जॉन्सनच्या हयातींत विक्रीस आलींच नव्हतीं.

तबकडीचा खप प्रथम बेताचाच होता. पण ती योग्य हातीं पडली. हॅमंडनें २० वर्षांच्या बॉब डिलनला तिची प्रत दिली. डिलननें आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, त्यानें त्या गाण्यांचे शब्द कागदावर उतरून घेतले आणि त्यांची बांधणी तपासली. त्याचा ज्येष्ठ स्नेही डेव्ह व्हॅन राँक याला मात्र तींत विशेष कांहीं दिसलें नाहीं. हें अमक्याचें, तें तमक्याचें, असें तो दाखवूं लागला. इंग्लंडांत कीथ रिचर्ड्सनें ती प्रथम ऐकली, तेव्हां दोन माणसें गिटार वाजवीत आहेत असा त्याचा समज झाला. पुढें एरिक क्लॅप्टनच्या क्रीम या वाद्यवृंदानें १९६८ सालीं ‘क्रॉसरोड्स’ आणि रोलिंग स्टोन्सनें १९६९ सालीं ‘लव्ह इन व्हेन’ हें गाणें जगापुढें आणलें.

चेहरा नाहीं, चरित्र नाहीं. मग ती रिकामी जागा दंतकथेनें भरून काढली. जॉन्सननें मध्यरात्रीं चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि मोबदल्यांत ही विद्या मिळविली, अशी ती कथा. वस्तुतः अशी गोष्ट टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाविषयीं त्याच्या भावानें सांगितली होती. रॉबर्टच्या चौरस्त्याच्या गाण्यांत सौदा नाहीं. तेथें गुडघे टेकून देवाची करुणा भाकणारा आणि दिवस मावळत असतां कोणी गाडींत घेत नाहीं म्हणून कासावीस झालेला वाटसरू आहे. त्या काळच्या मिसिसिपींत एकट्या कृष्णवर्णीयास परक्या ठिकाणीं रात्र गांठण्याचें भय किती खरें होतें, हें जाणणाऱ्यास त्या गाण्यांत सैतान शोधण्याची गरज पडत नाहीं.

विद्या कोठून आली, याचें उत्तरहि साधें आहे. सन हाउस हा ज्येष्ठ गायक सांगे कीं, पोरगा रॉबर्ट गिटार हातीं घेई तेव्हां ऐकणारे वैतागत. मग तो कांहीं काळ दिसेनासा झाला आणि परतला तो तयार होऊन. मधल्या काळांत तो हेझलहर्स्टच्या बाजूस आइक झिमरमन या वादकाच्या घरीं राहून शिकत होता. घरांतील माणसांची झोप मोडूं नये आणि आपणांसहि कोणी अडवूं नये, म्हणून गुरुशिष्य रात्रीं जवळच्या दफनभूमींत जाऊन वाजवीत, अशी आठवण झिमरमनच्या घरच्यांनीं सांगितली आहे.

१९९० सालीं जॉन्सनचीं सर्व ध्वनिमुद्रणें एकत्र निघालीं. त्या संचाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि त्याला ग्रॅमी पारितोषिकहि मिळालें. १९९४ सालीं अमेरिकेच्या टपाल खात्यानें त्याच्या चेहऱ्याचें तिकीट काढलें. चित्रावांचून निघालेल्या तबकडीचा गायक असा घरोघर पोंचला. झिमरमनचें एकहि ध्वनिमुद्रण मात्र प्रसिद्ध नाहीं. जॉन्सनची तबकडी लावणाऱ्यानें त्याच्या या गुरूचें नांव तरी ध्यानांत ठेवावें.