फौज नेमलेली, वाटलेली आणि उभारलेली

‘बुद्धिबळ’ या शब्दातले ‘बळ’ म्हणजे शक्ती, असे आपण सहज धरून चालतो. पण संस्कृतात ‘बल’ या शब्दाचा अर्थ सैन्य असाही आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ मिळून होते ते चतुरंग बल. या अर्थाने वाचले तर बुद्धिबळ म्हणजे बुद्धीने चालवायची फौज. मग प्रश्न असा, की ही फौज खेळाडूच्या हाती येते कोठून? आमच्या मते याची उत्तरे तीन आहेत. ती नेमून दिलेली असते, ती नशिबाने वाटली जाते, किंवा ती खेळाडूला स्वतः उभारावी लागते. हे तिसरे उत्तर फार दूरवर नेणारा खेळ म्हणजे पोकेमॉन. मुलांचा खेळ म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे पाठ फिरवू नये असे आम्हांस वाटते. त्याची कारणे शोधायला पुण्याच्या बुधवार पेठेपासून आरंभ करता येतो.

बुधवार पेठेत तुळशीबागेतली भातुकली, अप्पा बळवंत चौकातली पुस्तके आणि तपकीर गल्लीतली विजेची व इलेक्ट्रॉनिक यंत्रे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर विकली जातात. खेळ, ग्रंथ आणि यंत्र यांचा असा शेजार या विषयाला साजेसाच म्हणावा लागेल. याच पेठेत दुसऱ्या बाजीरावाने १८१३ साली बुधवार वाडा बांधला. पुढच्याच वर्षी, १८१४ मध्ये, मुंबईत बुद्धिबळावरचे एक इंग्रजी पुस्तक छापून निघाले. ते त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे भाषांतर होते. त्याच्या शीर्षकातच एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली आहे: ग्रंथातील डाव युरोपीय पद्धतीशी जुळवून घेतले आहेत. देशी बुद्धिबळाचे काही नियम निराळे होते. शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी घेता येई, आणि प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. आज हे नियम पाळणारे विरळाच.

नियम देशी असोत वा युरोपीय, बुद्धिबळातली फौज मात्र नेमून दिलेली असते. दोन्ही बाजूंना सोळा मोहरी, तीच आणि तितकीच. कवीला वृत्त जसे तयार मिळते तसे खेळाडूला हे सैन्य तयार मिळते. कौशल्य दिसते ते त्याच्या चालीत.

गंजिफाची गोष्ट वेगळी. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ही गोल पानांची, दहा रंगांची आणि एकशेवीस पानांची असते. प्रत्येक अवताराचा एक रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने. तिघे बसले तर प्रत्येकाला चाळीस पाने येतात. येथे फौज वाटली जाते, आणि काय हाती येईल ते दैवाच्या अधीन. पण या खेळाचे खरे वैशिष्ट्य पुढेच आहे. पाच रंगांत दहाचे पान वरचढ, तर उरलेल्या पाच रंगांत उतरंड उलटी, म्हणजे एक्का वरचढ. दिवसा खेळ असेल तर ज्याच्या हाती राम त्याने पहिली उतारी करायची, रात्री असेल तर ज्याच्या हाती कृष्ण त्याने. पानाचे बळ त्याच्या अंकातच असते असे नाही. ते कोणत्या रंगाचे आहे यावर ठरते, आणि खेळ कोणी सुरू करायचा हे वेळेवर. बळ सापेक्ष असते, ही कल्पना आपल्याकडे रंगीत पानांवर कधीचीच उतरलेली होती.

हीच कल्पना २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात एका छोट्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर नव्या रूपात अवतरली. लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद असलेल्या सातोशी ताजिरी यांनी कल्पिलेल्या या खेळात १५१ कल्पित प्राणी होते. खेळाडूने त्यांतून सहा निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त चार चाली शिकवायच्या, आणि प्रतिस्पर्ध्याशी आळीपाळीच्या डावांनी झुंजायचे. पाणी आगीला मारक, आग वनस्पतीला, वनस्पती पाण्याला. असे मुळात पंधरा प्रकार होते. चालींचा विचार न करता नुसते १५१ मधून सहा भिन्न प्राणी निवडायचे म्हटले तरी सुमारे १,४८९ कोटी संच होतात. पहिली चाल खेळण्यापूर्वीच अर्धा खेळ होऊन गेलेला असतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नवखा खेळाडू साहजिकच सहा सर्वांत बलाढ्य प्राणी निवडतो आणि हरतो. कारण सहाही बलाढ्यांची उणीव एकच असेल, तर प्रतिस्पर्ध्याचा एकच गडी त्यांना पुरतो. जाणता खेळाडू निवड करताना निराळे प्रश्न विचारतो. याच्या वाट्याचा घाव कोण झेलील? प्रतिस्पर्धी काय घेऊन येण्याचा संभव आहे? एखाद्या गड्याला मागे घेऊन दुसरा पुढे आणावा लागला, तर तो सुखरूप पुढे येईल का? २००२ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या खेळांत यात आणखी एक बंधन आले. प्रत्येक प्राण्याला सहा अंगे, पण मेहनतीने मिळवायचे गुण एकूण ५१०च, आणि एका अंगात २५२ च्या पलीकडच्या गुणांचा उपयोग नाही. म्हणजे दोनच अंगे पूर्ण फुलवता येतात. तिसऱ्याच्या वाट्याला सहा गुण उरतात. वेग हवा की टिकाऊपणा, हे ठरवावेच लागते. सगळे काही पदरात पाडून घेण्याची सोय नाही.

याचे उत्तम उदाहरण २०१४ च्या जागतिक स्पर्धेत दिसले. या स्पर्धेत सहा गडी नोंदवून प्रत्येक सामन्यात त्यांतले चार खेळवायचे असतात, आणि दोन-दोन गडी एकाच वेळी मैदानात उतरतात. दक्षिण कोरियाच्या से जुन पार्क यांनी भल्याभल्यांच्या मांदियाळीत पाचिरिसू नावाची एक इवलीशी, खारीसारखी जात आणली. पार्क यांचा प्रबळ गडी ग्याराडोस. त्याला विजेचा हल्ला चौपट बाधतो. पाचिरिसू शेजारी उभी राहून शत्रूचे हल्ले स्वतःकडे ओढून घेई, आणि वीज तर तिला न बाधता उलट तिची गेलेली प्राणशक्ती भरून काढी. पार्क विजेते ठरले. ज्यांना प्याद्याच्या मातीचा मान ठाऊक आहे, त्यांना यातला आनंद निराळा समजावून सांगायला नको. गड्याची किंमत त्याच्या एकट्याच्या अंगात नसते; शेजारी कोण उभा आहे त्यावर ती ठरते. काव्यसंग्रहाचा संपादक, अंकाची जुळणी करणारा किंवा नाटकाची पात्रयोजना करणारा याहून वेगळे काय करतो?

या खेळाचा इतिहास म्हणजे दुरुस्त्यांचाही इतिहास आहे. पहिल्या आवृत्तीत मनःशक्तीचा प्रकार जवळजवळ अजिंक्य होता. भुतांचे हल्ले त्याला मारक ठरतील असे खेळातच सुचवले होते, पण आज्ञावलीतल्या चुकीमुळे त्यांचा परिणाम शून्य होई. १९९९ साली अंधार आणि पोलाद हे दोन प्रकार आले आणि तोल सावरला. २००६ साली प्रत्येक हल्ल्याचे स्वरूप स्वतंत्रपणे ठरू लागले, २०१३ साली परी हा अठरावा प्रकार आला. दर वेळी जुने संच कोलमडले आणि खेळाडूंनी नवे शोधले. २००४ पासून स्मॉगन या समूहातील खेळाडू कोणता प्राणी कोणत्या श्रेणीत बसतो याची चर्चा करून नोंदी ठेवत आले. मूळ सूत्र, त्यावर भाष्य, भाष्यावर वार्तिक, ही परंपरा ज्यांनी अभ्यासली आहे त्यांना या नोंदी परक्या वाटू नयेत.

खरा प्रश्न येथे उभा राहतो. खेळ म्हणजे त्याची मोहरी, पाने किंवा यंत्र नव्हे; तो कसा खेळावा याचे ज्ञान म्हणजे खेळ. सावंतवाडीत १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफाची चित्रकला मरू दिली नाही, हे त्यांचे मोठे ऋण आहे. पण आज ती पाने पाहणारे आणि विकत घेणारे अनेक असले, तरी ती खेळणारे विरळा. चित्र राहिले, डाव गेला. देशी बुद्धिबळाचेही तेच झाले. यंत्रांवरच्या खेळांना तर याहून कमी आयुष्य आहे. निन्टेन्डोने आपल्या जुन्या यंत्रांवरची दूरस्थ सामन्यांची सोय २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये बंद केली, आणि त्या पिढ्यांचे ते मैदान एका दिवसात मिटले. मागे राहिले ते खेळाडूंनी लिहून ठेवलेले तेवढेच.

बुधवार वाडा १८७९ साली आगीत भस्मसात झाला. पुण्याचे सार्वजनिक ग्रंथालय त्या वेळी त्याच वाड्यात होते, आणि ग्रंथही त्या आगीतून सुटले नाहीत. इमारत पुन्हा उभारता येते. जळालेल्या ग्रंथाची दुसरी प्रत कोठे असेल तरच तो परत मिळतो. खेळाच्या ज्ञानाची दुसरी प्रत म्हणजे त्याविषयीचे लेखन. सहा प्राण्यांचा संच असाच का निवडला, हे एखाद्या मुलाने वहीत लिहिले असेल, तर ती वही आम्ही त्रिवेंगडाचार्यांच्या ग्रंथाच्या कुळातलीच मानू. आपल्या विद्यार्थ्यांना ती लिहायला सांगणे, आणि लिहिली तर गांभीर्याने वाचणे, एवढे तरी मराठीच्या अध्यापकांना सहज करता येण्याजोगे आहे.