बाहुल्यांचे नाट्यगृह आणि त्याचे पाहुणे

बाहुल्यांचा खेळ म्हटला की तो मुलांसाठीच, अशी समजूत आपल्याकडे आहे तशीच ती अमेरिकेतही होती. जिम हेन्सन या बाहुलीकाराला आयुष्यभर तिच्याशी झगडावे लागले. १९५५ साली, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, त्याने आईच्या टाकून दिलेल्या कोटाच्या कापडातून एक बाहुली शिवली आणि पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून तिला डोळे बसविले. तोच पुढे कर्मिट नावाचा बेडूक म्हणून जगप्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' या बालकार्यक्रमाने हेन्सनला कीर्ती दिली खरी, पण त्याच कीर्तीने त्याच्यावर 'मुलांचा माणूस' हा शिक्काही मारला. मोठ्यांसाठी बाहुल्यांचा विविधरंजन कार्यक्रम करण्याची त्याची कल्पना, १९७४ व १९७५ साली नमुन्याचे दोन कार्यक्रम दाखवूनही, अमेरिकेतील बड्या दूरचित्रवाणी कंपन्यांनी स्वीकारली नाही.

ती स्वीकारली इंग्लंडातील लू ग्रेड यांनी. ग्रेड हे आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेल्या ज्यू कुटुंबातले. तरुणपणी चार्ल्सटन नृत्याचे जगज्जेते म्हणून गाजलेले. विविधरंजनाच्या रंगभूमीतूनच ते वर आले होते, म्हणून एका बेडकाच्या हाती नाट्यगृह सोपविण्यात त्यांना विचित्र काही वाटले नसावे, असे आम्हांस वाटते. लंडनजवळच्या एल्स्ट्री येथील स्टुडिओत 'द मपेट शो' आकारास आला. १९७६ ते १९८१ या काळात पाच पर्वांत १२० भाग झाले आणि शंभराहून अधिक देशांनी ते पाहिले. ब्रिटनमध्ये जाहिराती कमी असल्याने तेथील प्रेक्षकांना प्रत्येक भागात एखादे गाणे वा प्रवेश जास्तीचा मिळे.

कार्यक्रमाचा साचा साधा होता. एक जुने नाट्यगृह, कर्मिट त्याचा व्यवस्थापक, दर आठवड्याला एक खराखुरा मानवी पाहुणा, आणि पडद्यामागे चाललेला गोंधळ. सज्जात बसलेले दोन म्हातारे सर्व काही पाहून कुजकट शेरे मारीत. (संपादकांच्या टपालाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे म्हातारे ओळखीचे वाटतील.) दूरचित्रवाणीची चौकट हाच बाहुल्यांचा रंगमंच, ही हेन्सनची मूळ सूझ. कळसूत्री खेळातला छोटा मंच त्याने काढून टाकला. नेपथ्य उंचावर बांधलेले असे, बाहुलीकार त्याखाली उभे राहून हात वर धरीत आणि आपली बाहुली प्रेक्षकाला कशी दिसते हे समोरच्या लहानशा पडद्यावर पाहत.

या १२० भागांतून आवडते निवडायचे तर आम्ही प्रथम रीटा मोरेनो यांचा घेऊ. त्या गंभीरपणे एक मादक गीत गात असतात आणि मागे 'ॲनिमल' नावाचा रासवट ड्रमवादक मध्येच ड्रम बडवून त्यांचा रसभंग करीत राहतो. या भागासाठी त्यांना १९७७ साली एमी पुरस्कार मिळाला. दुसरा भाग रुडॉल्फ नुरेयेव्ह यांचा. १९६१ मध्ये पॅरिस येथे सोव्हिएत पहाऱ्यातून निसटलेला हा थोर नर्तक येथे एका अवाढव्य डुकरिणीबरोबर 'स्वान लेक'चे विडंबन करतो. पहिल्या पर्वात पाहुणे मिळविणे जड गेले होते. नुरेयेव्ह आल्यावर मोठमोठ्या कलावंतांचा संकोच गेला.

एडगर बर्गन यांचा भाग तितका गाजला नाही; आम्हांस मात्र तो फार प्रिय आहे. बर्गन हे शब्दभ्रमकार. आपल्याकडे पाध्ये पितापुत्रांचे अर्धवटराव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या कलेविषयी वेगळे सांगायला नको. नवल असे की बर्गन आणि त्यांचा लाकडी चार्ली यांना खरी कीर्ती मिळाली ती १९३७ पासून नभोवाणीवर, जेथे ओठ हलतात की नाही हे कोणालाच दिसत नव्हते! लहानपणी ते ऐकत हेन्सन वाढला होता. या भागात फॉझी नावाचे अस्वल हौसेने हातात एक बाहुली घेते, पण तिच्यासाठी आपणच बोलायचे असते हे त्याला ठाऊकच नसते. स्वतः बाहुली असलेल्या अस्वलाची ही फजिती गुरूंच्या साक्षीने होते, यात शिष्याची नम्रता आम्हांस दिसते. बर्गन १९७८ मध्ये वारले. पुढच्या वर्षी आलेला मपेटांचा पहिला चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे.

पीटर सेलर्स यांचा भाग हसवतो आणि अस्वस्थही करतो. कर्मिट त्यांना म्हणतो, येथे तुम्ही सोंग न घेता स्वतःसारखे वागा. त्यावर ते उत्तरतात की, तसा एक 'मी' पूर्वी होता, पण शस्त्रक्रिया करून तो काढून टाकला. तरीही या भागातली सर्वच सोंगे निर्दोष नाहीत. २०२१ मध्ये डिस्नेने हे जुने भाग पुन्हा दाखविले तेव्हा १८ भागांच्या आरंभी, यात काही लोकसमूहांचे अनुचित चित्रण आहे, अशी सूचना जोडली. सेलर्स यांचा भाग त्यांपैकी एक. काहींना ही सूचना जाचक वाटली. आम्हांस ती योग्य वाटते, कारण भाग कापून टाकण्यापेक्षा सांगून दाखविणे बरे.

शिवाय दुसऱ्याची संस्कृती आदराने कशी दाखवावी हे त्याच कार्यक्रमाला ठाऊक होते. तिसऱ्या पर्वातला हॅरी बेलाफॉन्टे यांचा भाग पाहावा. त्यांच्या प्रसिद्ध केळीवाल्या गाण्याचा विचका होतो, ॲनिमलबरोबर ड्रमची जुगलबंदी होते (ॲनिमलचे हात फ्रँक ऑझ यांचे, वादन रॉनी व्हेरेल यांचे), आणि शेवटी सगळा गोंधळ शांत होतो. बेलाफॉन्टे फॉझीला सांगतात की गिनी देशात एका कथेकऱ्याकडून त्यांना एक कल्पना मिळाली: अग्नी, पाणी, माती यांपासून आपण सारे आलो, मग परस्परांना नीट पाहिले तर परके कोण उरते? त्यानंतरच्या गीतात आफ्रिकी मुखवट्यांच्या धर्तीवर केलेल्या बाहुल्या त्यांच्याभोवती नाचतात. मुखवटे ही धार्मिक व सामाजिक अर्थ असलेली वस्तू. कोणत्याही जमातीचा अवमान होऊ नये यासाठी बेलाफॉन्टे आणि हेन्सन यांनी त्यांवर विचारपूर्वक काम केले. या पाच मिनिटांत विनोद जवळजवळ नाहीच. विनोदी कार्यक्रमाने असे गप्प राहण्याचे धाडस करावे, आणि तेही बाहुल्यांच्या तोंडून, यासाठी आम्ही या भागाला सर्वांत वरचे स्थान देतो.

१६ मे १९९० रोजी, अवघ्या ५३ व्या वर्षी, जंतुसंसर्गाने हेन्सनचे निधन झाले. २१ मे रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कथीड्रलमध्ये स्मरणविधी झाला. कोणीही काळे कपडे घालून येऊ नये, अशी त्याची इच्छा होती. आलेल्यांच्या हाती बाहुल्यांच्या काडीवर बसविलेली फुलपाखरे देण्यात आली आणि बेलाफॉन्टे यांनी तेच गिनीचे गीत तेथे गायिले, तेव्हा कथीड्रलभर ती फुलपाखरे हलत होती. जुलैमध्ये लंडनच्या सेंट पॉल कथीड्रलमध्येही असाच विधी झाला. एल्स्ट्री तेथून फार लांब नाही.